नव्याण्णव टक्क्यांचं बेअरिंग

‘बेअरिंग फॉल्ट डायग्नोसिस’ असं सर्चमध्ये टाका आणि समोर येतील ते पहिले दहा पेपर उघडा. बहुतेकांच्या शेवटच्या पानांवर एक टेबल सापडेल. त्यात वरच्या ओळींत इतरांच्या पद्धती, सगळ्यात खाली लेखकांची स्वतःची, ठळक अक्षरात, आणि तिच्यापुढे आकडा ९९.६, ९९.८, काही ठिकाणी तर चक्क १००. मेकॅनिकल करून नंतर मशीन लर्निंगकडे वळलेल्या आपल्यापैकी अनेकांचा या क्षेत्राशी पहिला परिचय असाच होतो. सेन्सर लावा, कंपनं मोजा, मॉडेल शिकवा, आणि मशीन बंद पडण्याआधीच कळणार. टेबल बघून वाटतं की हा प्रश्न सुटलेला आहे, आता फक्त कारखान्यांनी तो विकत घ्यायचाय.

पॉडकास्टच्या भागात या टेबलाबद्दल दोन-तीन वाक्यं बोलून आम्ही पुढे गेलो, कारण ऐकणाऱ्याला बेअरिंगचं गणित कानावाटे सांगणं अवघड आहे. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. कुठल्या एका पेपरवर टीका करायची नाहीये, त्यामुळे नावंही घेत नाही. हा आता एक अख्खा लेखनप्रकार झालाय. त्याची ठरलेली सुरुवात आहे (‘उद्योगात बेअरिंग फार महत्त्वाची असतात’), ठरलेली आकृती आहे, ठरलेला शेवट आहे. कादंबरीच्या एखाद्या साच्याची समीक्षा करावी तशी याची करायला काय हरकत आहे?

या प्रकारातल्या बहुसंख्य पेपरांचा कच्चा माल एकच. क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने खुला ठेवलेला डेटा. दोन हॉर्सपॉवरची एक मोटर, तिला जोडलेला टॉर्क मोजणारा भाग आणि पुढे लोड देणारा डायनमोमीटर. मोटरच्या बेअरिंगमध्ये मुद्दाम खड्डे पाडले, आतल्या रिंगवर, बाहेरच्या रिंगवर किंवा एखाद्या गोळीवर. खड्डा पाडायची पद्धत म्हणजे विजेच्या ठिणगीने धातू खाऊन टाकणं. व्यास ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंच, म्हणजे साधारण पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. मोटर चालवली, सेकंदाला १२,००० आणि काही वेळा ४८,००० नोंदी घेतल्या आणि फाइली सगळ्यांसाठी ठेवून दिल्या. उदार काम आहे ते, आणि त्या काळी असा डेटा फुकट मिळत नव्हता. त्याच्यावर नंतर जे बांधलं गेलं, त्याचा दोष या मोटरचा नाही.

आता बेअरिंग बोलतं कसं, ते थोडक्यात. बाहेरच्या रिंगवर खड्डा असेल तर प्रत्येक गोळी त्याच्यावरून जाताना एक बारीक ठोका बसतो. गोळ्या किती, त्यांचा व्यास किती, शाफ्ट किती वेगाने फिरतोय हे माहीत असेल तर सेकंदाला किती ठोके पडणार ते कागदावर काढता येतं. त्या मोटरमधलं चालवणाऱ्या टोकाचं बेअरिंग ६२०५ जातीचं आहे, नऊ गोळ्यांचं. शाफ्टच्या एका फेऱ्यात बाहेरच्या खड्ड्यावर ३.५८५ ठोके, आतल्यावर ५.४१५. शाफ्ट मिनिटाला १७९७ फेरे घेत असेल तर सेकंदाला अनुक्रमे सुमारे १०७ आणि १६२. म्हणजे कंपनांमध्ये १०७ ची लय सापडली की बाहेरची रिंग, १६२ ची सापडली की आतली. या निदानाला न्यूरल नेटवर्क लागत नाही. कंपन विश्लेषण करणारे लोक हे कित्येक दशकं करत आलेत. आणि त्यांच्याही आधीपासून पिंपरी-चिंचवडच्या शॉप फ्लोअरवरचा फिटर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवून मूठ कानाला लावत आलाय. त्याला हर्ट्झ सांगता येणार नाहीत, पण ‘हे रडतंय’ एवढं तो नक्की सांगतो.

मग नव्या पेपरांनी नवीन काय केलं? इथे खरी गंमत आहे.

एकेक फाइल साधारण दहा सेकंदांची. सेकंदाला १२,००० नोंदी, म्हणजे एका फाइलमध्ये सव्वा लाखाच्या आसपास आकडे. ते १,०२४ किंवा २,०४८ च्या तुकड्यांत कापायचे. एका फाइलचे शंभरेक तुकडे झाले. सगळ्या फाइलींचे तुकडे एकत्र पिसायचे, त्यातले ७० टक्के शिकवायला, ३० टक्के परीक्षेला. दहा वर्ग करायचे, म्हणजे एक निरोगी आणि बाकी नऊ, खड्ड्याची जागा आणि आकार यांच्या जोड्या. मॉडेल परीक्षेत ९९.८ आणतं.

समजा माझ्याकडे दहा गायकांचं प्रत्येकी एकेकच रेकॉर्डिंग आहे, दहा वेगवेगळ्या खोल्यांत केलेलं. ते तुकडे करून पिसले, काही शिकवायला दिले, काही ओळखायला. मॉडेलने सगळे बरोबर ओळखले. त्याने गायक ओळखला, की मागे चालू असलेला पंखा? सांगता येत नाही. परीक्षेतला प्रत्येक तुकडा शिकवलेल्या तुकड्याचा सख्खा शेजारी आहे, एकाच दहा सेकंदांतला. त्या डेटामध्ये बहुतेक वेळा एका प्रकारचा, एका आकाराचा खड्डा म्हणजे प्रत्यक्षात एकच बेअरिंग. ते काढून दुसरं बसवलं की बसवण्यातला फरक आला, थोडं तिरपं बसणं आलं, स्क्रू किती आवळले ते आलं. मॉडेल या सगळ्यावरून फाइल ओळखू शकतं. ‘आतल्या रिंगवर ०.०१४ इंचाचा खड्डा’ असं म्हणत असताना त्याने कदाचित ‘मंगळवारी दुपारी बसवलेलं बेअरिंग’ एवढंच ओळखलेलं असतं.

हे मी नव्याने सांगत नाहीये. २०१५ साली स्मिथ आणि रँडल यांनी या डेटातली एकेक फाइल जुन्या पद्धतींनी तपासली आणि निकाल छापला. काही फाइलींत निदान इतकं सोपं, की कुठलीही पद्धत ते करेल. काहींत खड्ड्याची अपेक्षित लय दिसतच नाही. काहींत सिग्नल कापला गेलाय किंवा विजेचा गोंगाट शिरलाय. आता विचार करा. ज्या फाइलमध्ये खड्ड्याची खूण सापडत नाही, तिच्यावरही मॉडेल ९९ टक्के बरोबर असेल, तर ते नेमकं कशाच्या आधारावर बरोबर आहे? हा प्रश्न त्या लेखानंतर प्रत्येक पेपरच्या पहिल्या पानावर असायला हवा होता. प्रत्यक्षात बऱ्याच पेपरांच्या संदर्भसूचीत तो लेख आहे आणि टेबलात १०० पण आहे. संदर्भ दिला, वाचला नाही.

जर्मनीतल्या पाडरबॉर्न विद्यापीठाने २०१६ मध्ये दुसरा डेटा काढला, तो या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटतो. त्यात ३२ बेअरिंग आहेत. सहा निरोगी, बारांमध्ये कृत्रिम इजा, आणि चौदा बेअरिंगांना जास्त लोड देऊन, चालवून चालवून खरोखर झिजवलेलं. त्यामुळे एक साधी पण निर्दय परीक्षा घेता येते. कृत्रिम खड्ड्यांवर शिकवा आणि खऱ्या झिजेवर तपासा. अचूकता लक्षणीय घसरते. ठिणगीने पाडलेल्या खड्ड्याला स्वच्छ कडा असतात. खरी झीज मात्र खडबडीत असते, पसरते, कधी तिच्या कडा गोळ्यांखाली दबून गुळगुळीत होतात आणि आवाज चक्क कमी होतो. निसर्ग ड्रिल घेऊन बसत नाही.

समजा हे सगळं सुधारलं. शिकवायची बेअरिंग वेगळी, तपासायची वेगळी, आणि तरी खरोखर ९९ टक्के आले. आता कारखान्यात चला. एका प्लांटमध्ये १,००० बेअरिंगांवर सेन्सर आहेत आणि आज त्यातली दोन खरोखर खराब आहेत, असं धरू. ९९ टक्के अचूक यंत्रणा ती दोन्ही जवळपास नक्की पकडेल. उरलेल्या ९९८ चांगल्या बेअरिंगांपैकी एक टक्का, म्हणजे दहा, तीही खराब म्हणून सांगेल. एकूण बारा अलार्म, त्यातले दहा खोटे. हे रोज. पहिल्या आठवड्यात मेंटेनन्सचा माणूस धावत जाईल. दुसऱ्या आठवड्यात चालत जाईल. महिन्याभराने तो अलार्मचा आवाज बंद करेल, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही. प्रयोगशाळेच्या डेटात दहापैकी नऊ वर्ग बिघाडाचे असतात. असा कारखाना कुणी बघितलाय का, जिथे दहातली नऊ बेअरिंग फुटलेली आहेत आणि तरी काम चालू आहे?

हे गणित अवघड नाही, आजारांच्या चाचण्यांबद्दल आपण सगळ्यांनी कोविडच्या काळात ते ऐकलंय. या लेखनप्रकारात मात्र ते क्वचित दिसतं. मला वाटतं याचं कारण असं की या पेपरांमध्ये देखभाल हा विषयच नसतो. वर्गीकरण हा विषय असतो, बेअरिंग हे फक्त निमित्त.

देखभालीवर विचार करणाऱ्यांचं जुनं लेखन वाचलं की हा फरक जाणवतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन नावाचे एक जीवशास्त्रज्ञ काम करत होते. विमानांची ठरावीक तासांनी तपासणी व्हायची. बिघाडांच्या नोंदी बघितल्यावर दिसलं ते असं, की अनपेक्षित दुरुस्त्या तपासणीच्या लगेच नंतर सगळ्यात जास्त आणि मग दिवसागणिक कमी. म्हणजे उघडून बघणं हाच बिघाडाचा एक स्रोत होता. वॉडिंग्टन यांचं हे लिखाण पुस्तकरूपाने आलं ते १९७३ मध्ये. आपल्याकडे ‘चालतंय ना, मग हात लावू नकोस’ म्हणतात, त्याला इथे आकड्यांचा आधार मिळाला.

मग १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक जाडजूड अहवाल लिहिला. विमानाच्या भागांचं आयुष्य बघितलं तर फक्त ११ टक्के भाग असे निघाले, जे वय वाढल्यावर जास्त बिघडतात. उरलेल्या ८९ टक्क्यांना ‘इतक्या तासांनी बदला’ या नियमाचा काही उपयोग नव्हता. उलट मोठा वाटा अशा भागांचा, जे नवे बसवल्यावरच जास्त बिघडतात. या अहवालाने विमान-देखभाल बदलली. सेन्सर लावण्यामागचं सगळ्यात भक्कम कारणही इथेच आहे. वय बघून कळत नाही, उघडून बघणं धोक्याचं, म्हणून बाहेरून ऐका. त्यामुळे मी सेन्सरच्या विरोधात आहे असा अर्थ कृपया काढू नका.

पण त्या अहवालात एक अट आहे, जी आजचे पेपर गाळतात. बिघाडाची पहिली खूण दिसणं आणि प्रत्यक्ष बिघाड होणं, यांच्यामध्ये पुरेसा आणि बऱ्यापैकी भरवशाचा वेळ असला पाहिजे. नसेल, तर खूण ओळखूनही काही करता येत नाही. ९९.८ च्या टेबलात हा वेळ कुठेच नसतो. आधीच पूर्ण तयार असलेला खड्डा ओळखला, एवढंच त्यात असतं. तो किती दिवस आधी ओळखला असता, यावर एक शब्द नाही.

त्याच सुमाराला रेस्निकॉफ नावाच्या गणितज्ञाने आणखी एक अडचण मांडली. देखभालीचं धोरण ठरवायला सगळ्यात हवी असते ती गंभीर बिघाडांची माहिती. पण देखभाल नीट चालू असेल तर गंभीर बिघाड होतच नाहीत. म्हणजे ही माहिती भरपूर जमली, तर तो देखभाल फसल्याचा पुरावा. ज्यांना ‘अजून डेटा मिळाला की सुटेल’ असं वाटतं, त्यांनी या वाक्यापाशी थोडं थांबावं. कारखान्याच्या नोंदवहीत ‘बेअरिंग बदललं’ असं लिहिलेलं असतं. ते खराब होतं म्हणून बदललं, की शटडाउन होताच म्हणून बदललं, की दुसरं काही सापडेना म्हणून बदललं, हे त्या ओळीत नसतं. आपण ती ओळ उचलतो आणि तिला ‘लेबल’ म्हणतो.

हे सगळं पंप-मोटरपुरतं असेल तर फार तर एखादी लाइन बंद पडते. म्हणून एक उदाहरण असं घेते, जिथे सेन्सर उत्तम दर्जाचे होते, माणसं कसलेली होती आणि तरीही जीव गेले.

उत्तर समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामगारांना हेलिकॉप्टरने नेतात-आणतात. १९८६ मध्ये शेटलंडजवळ एक चिनूक पडलं, गिअरबॉक्समधल्या बिघाडाने, ४५ जण गेले. त्यानंतर तिथल्या हेलिकॉप्टरांवर कंपनं सतत नोंदवणारी यंत्रणा आली, तिला ‘हम्स’ म्हणतात. शिवाय गिअरबॉक्सच्या तेलात चुंबकी चिप डिटेक्टर असतो. धातूचा कण सुटला की तो चिकटतो आणि सूचना मिळते. दोन स्वतंत्र कान झाले म्हणायचे.

१ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ एक सुपर प्युमा समुद्रात कोसळलं. मुख्य गिअरबॉक्स फुटला, वरचा रोटर सुटून गेला. १६ जण होते, सगळे गेले. ब्रिटिश तपास यंत्रणेच्या अहवालानुसार बिघाड सुरू झाला दुसऱ्या टप्प्यातल्या एका प्लॅनेट गिअरच्या तड्यातून. आणि २५ मार्चला, म्हणजे अपघाताच्या ३६ उड्डाण-तास आधी, चिप डिटेक्टरवर धातूचा एक कण सापडला होता. सेन्सरने आपलं काम केलं होतं. पुढे देखभाल करणारे आणि उत्पादक यांच्यात ईमेल आणि फोनवर जे बोलणं झालं, त्यात गैरसमज झाले. हा कण त्या गिअरच्या झिजेची खूण आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तो भाग उघडला गेला नाही. त्यानंतर डिटेक्टरही गप्प आणि कंपनांची यंत्रणाही गप्प.

गप्प का, याचं एक कारण मला फार अस्वस्थ करतं. त्या गिअरबॉक्समध्ये चुंबकांचं एक कडं बसवलेलं होतं, एका भागातले कण दुसऱ्या भागात जाऊ नयेत म्हणून. सुरक्षेसाठीच. त्या कड्याने कण धरून ठेवले, त्यामुळे ते डिटेक्टरपर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी झाली. एक उपाय दुसऱ्या उपायाच्या कानात बोळा घालून बसला होता.

आणि कंपनं? प्लॅनेट गिअर स्वतःभोवती फिरत फिरत मधल्या गिअरभोवतीही फिरतो. सेन्सर बाहेरच्या कवचावर, एका जागी. गिअर जवळ येतो, लांब जातो, त्याच्यासारखेच इतर गिअर त्याच वेळी आपापला आवाज करत असतात. आपल्या नऊ गोळ्यांच्या बेअरिंगसारखं सरळ १०७ चं उत्तर इथे नाही. लग्नाच्या वरातीत ढोल-ताशाच्या पथकात एकाच काठीला तडा गेलाय, आणि तो तुम्हाला रस्त्याच्या कडेला उभं राहून ओळखायचाय.

२९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत तुरॉय बेटाजवळ त्याच घराण्यातलं, ईसी २२५ जातीचं हेलिकॉप्टर तसंच पडलं. रोटर सुटला, १३ जण गेले. पुन्हा दुसऱ्या टप्प्यातला प्लॅनेट गिअर, पुन्हा थकव्याचा तडा. या वेळी इशारा देणारा कणही मिळाला नाही. तडा पृष्ठभागाखालून वाढत गेला, त्यामुळे तेलात फारसं काही सुटलंच नाही. २००९ नंतर जे उपाय झाले त्यांचा भर कण लवकर पकडण्यावर होता. तड्याने ती अटच पाळली नाही.

या दोन अपघातांवरून मी ‘सेन्सर निरुपयोगी’ असं म्हणणार नाही. चिप डिटेक्टर आणि हम्समुळे वाचलेली उड्डाणं बातमीत येत नाहीत. माझी तक्रार लेखनप्रकाराबद्दल आहे. त्यातला बिघाड नेहमी आधीपासून ओळखीचा असतो, दहापैकी एका कप्प्यात बसणारा. ‘हे मी आधी कधी पाहिलेलं नाही’ असं म्हणायची सोय मॉडेलला दिलेलीच नसते. मॉडेलने उत्तर दिल्यावर ते कोण वाचणार, कुणाला फोन करणार, मशीन थांबवायचा अधिकार त्या माणसाला आहे का, हे सगळं ‘भविष्यातील काम’ या शेवटच्या परिच्छेदातही नसतं. २००९ मध्ये साखळी सेन्सरपाशी तुटली नव्हती. कण सापडला त्या दिवसानंतरच्या निरोपांमध्ये तुटली होती.

तुमच्यापैकी कुणी या विषयावर थीसिस करत असेल, तर गाइडकडून दबाव येणार हे मला माहीत आहे. टेबलात आधीच ९९.७ आहे, तुमचं ८१ आलं तर छापणार कोण? तरीही शिकवायची आणि तपासायची बेअरिंग वेगळी ठेवून आलेला ८१ मला जास्त वाचावासा वाटतो. उरलेल्या १९ मध्ये नेमकी कुठली बेअरिंग चुकली आणि का, हे त्यात लिहिता येतं. ९९.८ मध्ये लिहायला काही उरतच नाही. तपासनीस म्हणून माझ्याकडे असा पेपर आला तर मी त्याच्या बाजूने भांडेन. या क्षेत्रात असं भांडणारे थोडे का होईना, आहेत.

आणि पीटरहेडच्या अपघाताचा अहवाल इंटरनेटवर फुकट आहे, ब्रिटिश तपास यंत्रणेचा क्रमांक २/२०११. आकृत्या छान आहेत, पण वाचायला घेतलात तर आधी २५ मार्च आणि त्यानंतरच्या दिवसांचा भाग काढा. कुणी कुणाला काय विचारलं, काय उत्तर मिळालं आणि उत्तर देणाऱ्याला प्रश्न कसा समजला होता, ते सगळं त्यात ओळीने दिलंय.